खारं पाणी आणि तांबडे सूर्य



मे महिन्याच्या शेवटी, रात्री अकराच्या सुमारास, तेल्हाऱ्याबाहेरच्या एखाद्या वावरात सातपुड्याकडे पाठ करून उभे राहा. धूळ बसलेली असेल तर दक्षिणेला अगदी खाली, क्षितिजापासून जेमतेम आठ अंशांवर, नरतुरंगातले दोन ठळक तारे दिसतील. डावीकडचा मित्र, उजवीकडचा मित्रक. हा मित्र आपल्या सूर्याचा शेजारी. त्याचा धाकटा भाऊ प्रॉक्झिमा तर आणखी अलीकडे, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. पण तो इतका मंद की दुर्बिणीशिवाय दिसायचा नाही. आकाशगंगेतले चारांतले तीन तारे असेच आहेत: लहान, तांबडे, मिणमिणते. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला एकही दिसत नाही, म्हणून आपल्या पंचांगात त्यांना जागा नाही.

२०१६च्या ऑगस्टमध्ये या प्रॉक्झिमाभोवती एक ग्रह असल्याचं जाहीर झालं. वजनाला साधारण पृथ्वीएवढा. आपल्या ताऱ्यापासून फक्त ७५ लाख किलोमीटरवर, म्हणजे आपण सूर्यापासून आहोत त्याच्या विसाव्या हिश्श्यावर. तारा मंद, म्हणून एवढ्या जवळ असूनही ग्रह भाजून निघत नाही. त्याच वर्षी कुंभ राशीतल्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती तीन ग्रह सापडले होते. २०१७मध्ये त्यांची संख्या सातवर गेली. अंतर सुमारे ४० प्रकाशवर्षं. त्या पहिल्या शोधाच्या पडताळणीत लडाखमधल्या हान्लेची आपली हिमालयीन चंद्रा दुर्बीणही होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून सरकला की प्रकाश किंचित उतरतो. तो उतार पुन्हापुन्हा, ठरल्या वेळी येतो का, हे जगातल्या अनेक दुर्बिणींनी मिळून तपासलं.

आता वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘राहण्याजोगा ग्रह सापडला’. त्यामागचा हिशोब एवढाच असतो: ताऱ्याची आच किती, ग्रहाचं अंतर किती, आणि तिथे पाणी असलंच तर ते पाणी म्हणून टिकेल का. पाणी आहे असं कुणी पाहिलेलं नसतं.

आपल्या तेल्हारा तालुक्याच्या माणसाला यातली गोम लगेच कळायला हवी. सातपुड्याच्या पायथ्याला गोड्या विहिरी आणि बागाईत. तिथून पूर्णा नदीकडे उतरत जा. तोच सूर्य, तोच पाऊस, जमीन उलट अधिक काळी, अधिक खोल. विहीर खणली की पाणी लागतं, पण तोंडात घेववत नाही. हा आपला खारपाणपट्टा. वान धरणाचं पाणी नळानं आलं तेव्हा कुठे तिथल्या कितीतरी गावांची घागर गोडी झाली. वरून, आभाळातून कुणी मोजमाप केलं असतं तर दोन्हीकडची गावं त्याला सारखीच ‘राहण्याजोगी’ वाटली असती.

तांबड्या ताऱ्यांचा खारेपणा वेगळा. हे तारे तापट असतात. मार्च २०१६मध्ये प्रॉक्झिमा एकाएकी असा भडकला की काही मिनिटं तो नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकला असता. अशा भडक्यांपुढे ग्रहाचं वातावरण किती टिकेल? २०२३मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं ट्रॅपिस्टचा सर्वांत आतला ग्रह तपासला, तर तो उघडाबोडका निघाला. त्याच्या शेजाऱ्याकडेही दाट हवा सापडली नाही. चौथ्या, ‘ई’ नावाच्या ग्रहाचा निकाल अजून लागायचा आहे, आणि माझी आशा त्याच्यावर आहे.

समजा, तिथे हवा निघाली. मग वस्ती कशी असेल? इतक्या जवळून फिरणारा ग्रह बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे धरून राहतो. एका बाजूला कायमची दुपार, दुसरीकडे कायमची रात्र. माणूस राहील तो मधल्या पट्ट्यात, जिथे तांबूस सूर्य क्षितिजावर टेकून बसला आहे आणि हलत नाही. वर्ष फक्त सहा दिवसांचं. दर आठवड्याला पोळा काढला तर बैल खूश होतील, पण अमावास्या आणायची कुठून? मृग नाही, पेरणीची घाई नाही. उजेड बराचसा अवरक्त, म्हणजे पऱ्हाटी हिरवी ठेवायची तर घरात दिवे लावूनच पिकवावी लागेल.

आणि पोचायचं कसं? १९७७मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर धावतं. त्या वेगानं ट्रॅपिस्ट तर सोडाच, जवळचा प्रॉक्झिमा गाठायलाही पाऊण लाख वर्षं लागतील. तिथून निरोप धाडला तर उत्तर साडेआठ वर्षांनी. सरकारी कचेरीत अर्ज टाकलेल्या माणसाला हे फार वाटणार नाही, पण बांधावरचं भांडण तोवर थांबत नसतं. तिथल्या लोकांना आपली ग्रामसभा आपणच चालवावी लागेल.

नावांचं मात्र आताच बघायला हरकत नाही. २०१९मध्ये एका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव देण्याचा मान भारताला मिळाला. ताऱ्याला विभा चौधुरी या भौतिकशास्त्रज्ञ बाईंचं नाव लाभलं, आणि ग्रहासाठी ‘संतमस’ हे नाव सुचवलं पुण्याच्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं. ट्रॅपिस्टचे सात ग्रह अजून बी, सी, डी या अक्षरांवरच भागवताहेत. ‘ई’वर कधी गाव वसलंच, तर उजेडाकडची वस्ती बुद्रुक आणि अंधाराकडची खुर्द, एवढं तरी तेल्हाऱ्याच्या शाळांतल्या पोरांनी आजच सुचवून ठेवावं.