आठ मिनिटं शिल्लक असताना



माझं भाषण आणि तुमचे फिशपॉन्ड यांच्यामध्ये आता फक्त बक्षीस समारंभ उरलाय, याची मला जाणीव आहे. मागच्या रांगेतल्या शिट्ट्यांनी ती आणखी पक्की करून दिली. याच कॉलेजच्या मंडपात, तिथंच मागं उभं राहून मीही शिट्ट्या मारल्यात, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

खेळाच्या मुलांसाठी चार शब्द बोला, असा सरांचा निरोप होता. यंदा आपला कबड्डीचा संघ पहिल्याच फेरीत बाद झाला, हेही त्यांनी हळूच कानावर घातलं. म्हणून मी ४९-० असा हरलेल्या एका कॉलेजच्या संघाची गोष्ट आणलीय.

नोकरीनिमित्त मी दोन वर्षं अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला होतो. मिशिगन विद्यापीठाचं गाव. शनिवारी सामना असला की तिथं जत्रा भरते. खेळ फुटबॉलचा, पण आपल्याकडचा नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. तो काखेत मारून पुढं घुसायचं आणि समोरच्या अकरांनी घुसणाऱ्याला लोळवायचं. आपली पकडच म्हणा ना, फक्त दम धरायची भानगड नाही.

तर १ जानेवारी १९०२. कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना. नववर्षाच्या दिवशी तिथं फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघते, तेव्हाही निघायची. त्या वर्षी आयोजकांनी ठरवलं, मिरवणुकीला जोडून एक सामना भरवू. पूर्वेकडचा एक संघ, पश्चिमेकडचा एक. पश्चिमेचा स्टॅनफर्ड, पूर्वेचा मिशिगन. मोसम संपल्यावर असा खास सामना भरवायची ही पहिलीच वेळ. आज ज्याला रोझ बोल म्हणतात, तो इथून सुरू झाला. राष्ट्रीय अजिंक्यपद ठरवायची रीत तेव्हा नव्हती. त्या वर्षीचं अजिंक्यपद बऱ्याच जाणकारांनी मागाहून मिशिगनच्या नावावर लावलं. आणि का लावू नये? पॅसाडेनाला येण्यापूर्वी या संघानं दहा सामने खेळले होते. गुण केले ५०१. दिले शून्य.

संघाचा प्रशिक्षक फील्डिंग योस्ट. सारखा 'आटपा, आटपा' करणारा माणूस, तेच त्याचं टोपणनाव पडलं. समोरचे उठून धूळ झटकतायत तोवर याची पोरं पुढच्या चढाईला तयार. आता गंमत बघा. हा योस्ट आदल्याच मोसमात, १९०० साली, स्टॅनफर्डचा प्रशिक्षक होता! पण आमचा प्रशिक्षक आमचाच माजी विद्यार्थी हवा, असा नियम स्टॅनफर्डनं केला आणि योस्टला गाशा गुंडाळावा लागला. माजी विद्यार्थ्यांचं इतकं कौतुक बरं नव्हे, हे मी स्वतः माजी विद्यार्थी असून सांगतो.

मिशिगनची मुलं तीन हजार किलोमीटरहून जास्त रेल्वेप्रवास करून, बर्फातून थेट उन्हात उतरली. प्रेक्षक आठ हजारांच्या आसपास. सुरुवातीला वीसेक मिनिटं स्टॅनफर्डनं त्यांना अजिबात पुढं सरकू दिलं नाही. ही वीस मिनिटं कुणी आठवत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतोय. पहिल्यांदा टचडाउन झालं, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचले, आणि मग मात्र बांध फुटला. मध्यांतराला १७-०. नील स्नो नावाच्या एकाच खेळाडूनं पाच टचडाउन केली. तेव्हा एका टचडाउनचे गुणही पाचच होते, नाहीतर आकडा आणखी फुगला असता. मिशिगननं एकही राखीव खेळाडू उतरवला नाही. सुरुवातीचे अकराच शेवटपर्यंत. स्टॅनफर्डचे मात्र एकामागून एक जायबंदी होत गेले.

४९-० झालं तेव्हा आठ मिनिटं शिल्लक होती. स्टॅनफर्डचा कर्णधार राल्फ फिशर मिशिगनचा कर्णधार ह्यू व्हाइटकडे गेला आणि म्हणाला, तुमची हरकत नसेल तर इथंच थांबू. व्हाइटनं मान्य केलं. सामना संपला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फिशरचा राग आला होता. कारण मीही याच कॉलेजच्या कबड्डी संघाचा कर्णधार होतो. एका सामन्यात आमच्यावर तीन लोण चढले होते. पाच मिनिटं उरली असताना आमच्या डाव्या कोपरारक्षकाचा खांदा निखळला. हात लोंबत होता, ओठ पांढरे पडलेले. पंच माझ्याकडे बघत होते. बदली खेळाडू नव्हता. मी त्याला म्हटलं, उभा राहा. तो उभा राहिला, आणि आम्ही मैदान सोडलं नाही. पुढं कितीतरी वर्षं, आम्ही पळालो नाही, असं मी छाती काढून सांगत असे. गुणांत आम्ही किती मागं होतो, ते मात्र मला आज आठवत नाही.

तो कोपरारक्षक आज दुसऱ्या रांगेत बसलाय. नाव सांगू नको म्हणालाय. त्याचा तो हात अजून खांद्याच्या वर जात नाही. मघाशी टाळ्या वाजवतानाही मी बघितलं. फिशरला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, एवढंच मी त्याच्यासमोर म्हणू शकतो. आणि हो, व्हाइटलाही. जिंकत असताना थांबायला तयार होणं, तेही सोपं नव्हतं.

तो सामना इतका एकतर्फी झाला की आयोजकांनी फुटबॉलच सोडून दिला. पुढं १९०४ पासून काही वर्षं 'बेन-हर' कादंबरीत असतात तशा घोड्यांच्या रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परत आला तो थेट १९१६ साली.

स्टॅनफर्डनंही १९०६ साली हा खेळ बंद करून रग्बी धरली. पण तो निर्णय खेळातल्या मारामारीमुळे झाला, या पराभवामुळे नव्हे. पुढं त्यांनी फुटबॉल पुन्हा सुरू केला.

कबड्डीच्या संघातल्या मुलांनो, तुम्ही इथंच कुठंतरी मान खाली घालून बसला असाल. वर बघा, शेवटचं सांगतो. मिशिगन आणि स्टॅनफर्ड रोझ बोलमध्ये पुन्हा समोरासमोर आले ते १ जानेवारी १९७२ रोजी, त्या पहिल्या सामन्याला बरोबर ७० वर्षं झाली तेव्हा. मिशिगन तेव्हाही मोसमातले सगळे अकरा सामने जिंकून आलं होतं. अगदी शेवटच्या सेकंदांत स्टॅनफर्डच्या एका मुलानं चेंडू गोलखांबांमधून मारला. गुण झाले १३-१२. स्टॅनफर्ड जिंकलं.