संगणक तापतो तेव्हा



विहिरीवरचे इंजिन ज्यांनी चालवले आहे, त्यांना आजचा विषय परका वाटणार नाही. इंजिन तापून बंद पडले म्हणून जाणता माणूस ते लगेच भंगारात काढत नाही. गार पाणी फिरते आहे ना, नळी कुठे चोंदली आहे का, हे तो आधी पाहतो. घरी जुळवलेल्या संगणकाचीही अशीच एक हकीगत आज सांगतो.

माझी बहीण वाघोलीस राहते. पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. पण त्याची जुनी ओळख दगडाच्या खाणींची आणि खडीच्या क्रशरांची. ती खडी पुढे आपल्या गोष्टीत येणारच आहे. माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवला. मुख्यतः खेळ खेळण्यासाठी, हे मी लपवीत नाही. मेहुण्यांनी त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले होते. एप्रिलात ते यंत्र खेळाच्या मध्येच अडखळू लागले आणि दोनदा तर आपोआप बंद पडले. एका दुकानदाराने फोनवरच निदान केले : प्रोसेसर गेला, नवा टाका, १५ हजार पडतील. मेहुणे मला म्हणाले, "दादा, हप्ते अजून फिटले नाहीत. टाकायचा का नवा? तुम्हीच सांगा."

माझा विषय गणित. यंत्राच्या पोटातले मला फार कळते असे नाही. पण वजाबाकी येते.

प्रोसेसर म्हणजे संगणकातले आकडेमोड करणारे मुख्य अंग. वर धातूची चपटी टोपी आणि आत नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. खेळ ऐन रंगात असला की त्यातून ६०-७० वॅट, कधी त्याच्या दुप्पटही उष्णता निघते. पूर्वीचा ६० वॅटचा दिवा आठवा. पेटलेल्या दिव्याला बोट लावण्याची सोय नव्हती, आणि इथे तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर पडायची. तिची वाट ठरलेली आहे : टोपीवर पातळ लेप, लेपावर पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा, त्यावर पंखा, मग पेटीतली हवा आणि शेवटी खोली. बहुतेक प्रोसेसरना ९५ ते १०० अंशांच्या आसपास मर्यादा आखलेली असते. तिथे पोचताच तो आपला वेग आपणच कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. ही जीव वाचवण्याची तजवीज आहे. थंड झाल्यावर पुन्हा नीट चालणारा प्रोसेसर सहसा मेलेला नसतो.

आता वजाबाकी. भाच्याने दिवाळीत आकडे टिपून ठेवले होते, हे त्याचे कौतुक. खोलीत २६ अंश असताना खेळात प्रोसेसर ७२ वर जाई. फरक ४६. पंखा कितीही मोठा असला तरी तो खोलीतलीच हवा फिरवणार, तेव्हा खोली तापली की प्रोसेसरचा आकडा तेवढाच वर सरकतो. एप्रिलातल्या दुपारी खोलीत ३८ अंश होते. त्यात ४६ मिळवले की झाले ८४. एवढे उन्हाळ्याच्या माथी मारता येईल. पडद्यावर मात्र १०० दिसत होते. वरचे १६ अंश कुठून आले? शोधायचे ते एवढेच. (खरे म्हणजे १६ पेक्षा जास्त, कारण १०० ला पोचल्यावर यंत्र स्वतःच हात आखडता घेते.)

पहिली परीक्षा सोपी. पेटीची बाजूची पट्टी काढून ठेवली आणि तोच खेळ पंधरा मिनिटे चालवला. उष्णतामान ९५ वर आले. म्हणजे पेटीतली हवा कोंडत होती. कारणेही समोरच होती. पेटीची पाठ भिंतीला टेकलेली, आणि समोरच्या जाळीवर खडीच्या धुळीचा करडा थर, पिठाच्या चाळणीसारखा. जाळी धुतली, पेटी वीतभर पुढे ओढली. पट्टी परत लावली तरी आकडा ९५ च राहिला. बरे झाले, पण पुरे झाले नाही.

दुसऱ्या परीक्षेत घड्याळ लागते. धातूच्या ठोकळ्याला तापायला काही मिनिटे लागतात, म्हणून प्रोसेसरही सावकाश चढायला हवा. आमचा मात्र खेळ सुरू होताच पाच-सहा सेकंदांत ९० वर उडी घेई, आणि खेळ थांबवताच तितक्याच झटक्याने खाली येई. मी पंख्यापासून बोट जपून ठोकळ्याच्या कडेला लावले. आत ९५ आणि ठोकळा जेमतेम कोमट! उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नव्हती.

यंत्र बंद करून, वायर भिंतीतून काढून पाहिले, तर ठोकळा धरणाऱ्या चार खुंट्यांपैकी एक सुटलेली. फेब्रुवारीत भाचेबुवा ही पेटी स्कूटरवर मित्राकडे घेऊन गेले होते! एक कोपरा केसभर उचलला गेला होता आणि त्या फटीत हवा. हवेतून उष्णता फार मंद जाते. तांब्याशी तिची तुलनाच नको. लेप असतो तो या फटींसाठीच. दगडी भिंतीच्या दरजा चुन्याने भरतात ना, तसाच. मात्र चुना दगडाची जागा घेऊ लागला तर भिंत कच्ची. जुना लेप स्पिरिटने पुसला, वाटाण्याएवढा नवा लावला, खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीने दाबल्या, चाकाचे नट आवळतात तशा.

इतर घरी दोष वेगळाही निघेल. नव्या ठोकळ्याच्या तळाचा प्लास्टिकचा कागद काढायचाच राहिलेला मी पाहिला आहे. पंखा उलटा बसवलेला असतो, किंवा त्याची वायर भलत्याच खाचेत. काही जातीचे प्रोसेसर ठोकळा सरळ ओढला तर त्याला चिकटून उपसून येतात. म्हणून यंत्र थोडे गरम करून, बंद करून, ठोकळा हलकेच डावी-उजवीकडे पिळून मग उचलावा. धूळ ब्रशने काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

पाण्याने थंड करण्याचे साहित्यही बाजारात मिळते. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकातही प्रोसेसरना द्रवाने थंड करतात. पण घरगुती साहित्यातले पाणीही आपली उष्णता शेवटी खोलीतल्या हवेलाच देते. खोली ३८ अंशांवर असेल तर तेही त्याखाली जाणार नाही, आणि जाळी चोंदली असेल तर त्याचाही इलाज चालत नाही.

आमचा सगळा खर्च लेपाच्या नळीचा, तीनशे रुपयांच्या आत. त्याच संध्याकाळी, खोली अजून ३८ वर असताना, खेळात ८३ दिसले. मेहुण्यांनी दोनदा विचारले, "नक्की ना?" मे महिन्यात मी पुन्हा गेलो तेव्हा खोलीत ३९ आणि पडद्यावर ८४ होते. पेटीवर भाच्याने एक चिठ्ठी डकवली आहे : जाळी धुतल्याच्या तारखा, पंधरा-पंधरा दिवसांच्या. शेवटच्या दोन तारखा बहिणीच्या अक्षरात आहेत.