नियम एक, न्याय दोन
अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या पिनेलास परगण्यात गर्भवती स्त्रियांची तपासणी झाली. १९९० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मद्य वा मादक द्रव्यांचा अंश गोऱ्या स्त्रियांत शेकडा १५.४, तर कृष्णवर्णीयांत शेकडा १४.१ जणींत आढळला. परंतु सरकारदरबारी वर्दी गेली, ती कृष्णवर्णीयांविषयी सुमारे १० पट अधिक प्रमाणात! मॅसॅच्युसेट्समधील २०२० सालच्या अभ्यासात अफूजन्य व्यसनावरील औषधेही गोऱ्या मातांनाच अधिक मिळाल्याचे दिसले.

मी सरकारी नोकर आहे. नियम कागदावर सर्वांना सारखाच असतो. तो कोणाला लावायचा, हे लेखणी धरणारा हात ठरवितो. वर्दीच्या भयाने आई दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि झळ लागते ती पोटातल्या जिवाला.