असई नावाची युद्धनौका

बालाघाटाच्या डोंगरांत वसलेल्या आपल्या बीड जिल्ह्याचा समुद्राशी संबंध काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही. पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा कोसळू लागला की तेवढ्या जलवैभवावर संतुष्ट असणारे आपण लोक. परंतु जालन्याच्या उत्तरेस, केळणा आणि जुई ह्या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे जे खेडे आहे, आणि जेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेला इंग्रज सेनापती वेलस्लीकडून पराभव पत्करावा लागला, त्या आपल्या मराठवाड्यातील खेड्याचे नाव मुंबईच्या गोदीत १८५४ साली बांधलेल्या एका वाफेच्या युद्धनौकेला देण्यात आले. आपल्या विजयाची नावे कोठे कोठे कोरावीत ह्याला जेत्याच्या लेखी काही धरबंध नसतो!

१८५६ साली इराणच्या शहाने अफगाणांचे हेरात शहर घेतले, तेव्हा कंपनी सरकारने युद्ध पुकारून मुंबई इलाख्याची फौज सर हेन्री लीक ह्यांच्या आरमाराबरोबर इराणी आखातात रवाना केली, आणि त्या आरमारात ही 'असई'ही होती. ७ डिसेंबरला बुशहरच्या दक्षिणेस हलीला उपसागरात पलटणी उतरू लागल्या. खजुरीच्या राईत दबा धरून बसलेल्या इराण्यांना तोफनौकांनी मारा करून हुसकावले आणि तोफा, दारूगोळा, माणसे असा सारा सरंजाम होड्यांतून किनाऱ्यास लागला. ९ तारखेस रिशहरच्या जुन्या गढीवर हल्ला झाला. मुंबईच्या २० व्या देशी पायदळाच्या ग्रेनेडियर कंपनीचा कप्तान जॉन वुड तटावर सर्वांआधी चढला, तोच तटातच खोदलेल्या चरातून शत्रू उसळून वर आला आणि हात-दोन हातांवरून त्याने बंदुकांची फैर झाडली. सात गोळ्या लागल्या असताही वुडने म्होरक्याच्या अंगातून तलवार आरपार काढली, आणि मागोमाग आलेल्या शिपायांनी प्रतिकार मोडून काढला. दुसऱ्या दिवशी गलबते बुशहरच्या इतकी जवळ नेण्यात आली, की ओहोटी लागताच त्यांतील काही तळाला टेकली. हलता येत नाही अशा स्थितीतही खलाशांनी तोफा चालू ठेवल्या, आणि शहर शरण आले.

वुडला १८६० साली व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला; पुढे १८७८ साली तो पुण्यास वारला. त्याच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या पाठोपाठ तट चढलेले देशी शिपाई त्या पदकास पात्रच नव्हते. तो दरवाजा हिंदी लोकांस खुला व्हावयास १९११ साल उजाडावे लागले. देशी शिपायांसाठी १८३७ पासून 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा निराळा मान होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आरमाराच्या वाट्यास आले ते 'पर्शिया' ही अक्षरे कोरलेल्या पट्टीचे सर्वसाधारण पदक. रुतलेल्या गलबतावर उभे राहून तोफ डागीत राहणे हे तट चढण्याहून कमी धाडसाचे होते, असे मला तरी वाटत नाही. पण तेथे 'पहिला कोण' हे ठरविणार कसे? पुढे अवघ्या सात वर्षांत, १८६३ साली, सरकारने ते आरमारच मोडीत काढले.