कानांत सांगितलेला प्रचार

निवडणुकीचें भाषण चौकांत होई तेव्हां तें मित्र ऐकत, तसेच विरोधकही ऐकत. खोटें बोलणारास दुसऱ्याच दिवशीं त्याच चौकांत उत्तर मिळे. समाजमाध्यमांनीं या चौकास वळसा घातला आहे. २०१४ सालीं अमेरिकेंत फेसबुकद्वारें स्वभावपरीक्षेची एक प्रश्नावली फिरली. ती सोडविली सुमारें २ लाख ७० हजार लोकांनीं. पण तिच्यावाटे त्यांच्या मित्रमंडळींचीही माहिती गेली. २०१८ सालीं प्रकरण उघडकीस आलें, तेव्हां हा आंकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत असावा, असें फेसबुकनेंच सांगितलें. माहिती पडली केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हातीं. आणि २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकींत ट्रम्प यांच्या प्रचारास हीच कंपनी नेमलेली होती. तिनें मतें खरोखर वळविलीं कीं काय, याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे. कंपनीच्या बढाया तर जमेस धरूंच नयेत. परंतु भित्र्यास भीतीची व रागीटास रागाची जाहिरात घरोघर निराळी पाठवितां येते, हें निश्चित. शेजाऱ्याच्या कानांत काय सांगितलें तें शेजाऱ्यास कळत नाहीं. मग प्रतिपक्षानें खोडावें तरी कोणतें विधान? २०१८ पासून फेसबुकनें राजकीय जाहिरातींचें दप्तर सर्वांस पाहण्यास खुलें केलें. तें चाळण्याची सवड किती गृहस्थांस असते, हा प्रश्न वेगळाच; आणि एकानें दुसऱ्यास धाडलेले खासगी निरोप त्या दप्तरांत येतच नाहींत.