शोक, श्रद्धा आणि भिंतीतला दगड



१९९३ सालच्या २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मराठवाड्यात गावोगाव रात्री उशिरापर्यंत गणपतींचे विसर्जन चालले होते. माणसे दमून घरी परतली, आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांतील घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. ज्याला काल निरोप दिला त्या विघ्नहर्त्याला हे विघ्न कसे दिसले नाही, हा प्रश्न ढिगाऱ्यापाशी बसलेल्या माणसाच्या मनात आला नसेल, असे कोण म्हणेल?

या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई दोघांना असते. एक म्हणतो, पाप वाढले. दुसरा म्हणतो, भूगर्भात साठलेला ताण मोकळा झाला, यात देवाचा संबंध कोठे आला? पहिल्याचे उत्तर खोटे आहे. दुसऱ्याचे खरे आहे. तथापि विचारणाऱ्याला ते हवे नसते. ज्या मातेचे मूल गेले ती ‘माझेच का?’ म्हणते तेव्हा तिला भूगर्भशास्त्र शिकायचे नसते. तो हंबरडा आहे. त्या वेळी तिच्याशेजारी मुकाट्याने बसणे एवढेच कोणालाही करता येते.

हा वाद आपल्या देशात फार मोठ्या माणसांनी घातलेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ हादरले. दहा हजारांहून अधिक माणसे मेली. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी दक्षिणेत दौऱ्यावर होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा होय, असे त्यांनी सांगितले. रवींद्रनाथांना ते सहन झाले नाही. निसर्गातील घटनेचे कारण निसर्गातच शोधले पाहिजे. शिवाय असा तर्क गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक सोयीचा आहे, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींनी तो १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये छापला, त्यास उत्तर दिले, पण आपली श्रद्धा सोडली नाही. जवाहरलालांनाही गांधीजींचे म्हणणे पटले नव्हते.

तर्काच्या कसोटीवर रवींद्रनाथच बरोबर होते, यात शंका नाही. अस्पृश्यता पाळणारा आणि ती सोसणारा यांत धरणीने भेद केला नाही. ज्या शिक्षेत फिर्यादीही आरोपीबरोबर गाडला जातो, तिला न्याय म्हणता येत नाही. परंतु त्याच मार्चमध्ये गांधीजी बिहारात जाऊन पोहोचले. नुकतेच तुरुंगातून सुटलेले राजेंद्रप्रसाद तेथे मदतकार्य उभे करीत होते. श्रद्धेने त्यांना हातपाय गाळून बसू दिले नाही. श्रद्धा माणसाला उठवते की बसवते, हे पाहूनच तिचे मोल ठरवले पाहिजे.

आता किल्लारीकडे पुन्हा वळू. तेथली असहायता सगळीच्या सगळी निसर्गदत्त होती काय? हातभराहून जाड दगडमातीच्या भिंती. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतवलेले, मध्ये चिपांचा व मातीचा भराव. वर उन्हापासून बचावासाठी मातीचे जड माळवद. वाडेवाला वाड्याखाली गेला आणि कुडाच्या, गवताच्या झोपडीत राहणारे पुष्कळ जण वाचले. संपत्तीने माणसाला तारले नाही, कारण ती भिंतीत ओतली गेली होती, पण भिंत कशी बांधावी याचे ज्ञान तिच्याबरोबर आले नव्हते.

ते ज्ञान देशात नव्हते असेही नाही. १९३५ च्या क्वेट्टा भूकंपात रेल्वेची नव्या पद्धतीने बांधलेली घरे टिकली होती. भूकंपाचा विचार करून बांधकामे कशी करावीत याचे भारतीय मानक १९६२ पासून अस्तित्वात होते. ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड, दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधून घेणारा एक पट्टा, एवढ्या गोष्टींनी पुष्कळ घरांनी दम धरला असता. पण अधिकृत नकाशाने हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात घातला होता. तो बदलला २००२ साली. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीला धक्क्यांमागून धक्के बसत होते, लोक भयभीत झाले होते. तरीही माणसे त्याच माळवदांखाली झोपत राहिली, कारण ती भिंत सावरण्याची विद्या घेऊन त्यांच्या दारी कोणी गेले नाही.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झाले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे मजबूत मिळाली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. मात्र आखीव रस्ते आणि सारख्या अंतरावरची घरे यांत जुनी गल्ली हरवली, ओटा हरवला, हाकेच्या अंतरावरचा शेजार पांगला. ज्याच्या खांद्यावर मान टाकून रडावे तो शेजारी चार रस्ते पलीकडे गेला. खर्चाच्या ताळेबंदात या नुकसानीला रकाना नसतो. पुनर्वसनाचा आराखडा गावकऱ्यांना बरोबर बसवून आखला, तरच हे नुकसान टळू शकते.

अर्थशास्त्राचा व्यवहार येथे अगदी साधा आहे. भूकंपाची वेळ सांगणे आजही शास्त्राला शक्य नाही. गावच्या गवंड्याला आरपार दगडाचे महत्त्व शिकवणे मात्र शक्य आहे, आणि दुर्घटनेनंतरच्या एका वर्षाच्या मदतीपेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे. देवाने असे का केले, हा प्रश्न ज्याचे माणूस गेले त्याचा आहे. तो विचारण्याचा त्याचा अधिकार हिरावून घेण्याचे इतरांना कारण नाही. ती भिंत तशी का होती, हा प्रश्न मात्र समाजाचा आणि सरकारचा आहे. त्याचे उत्तर देवावर ढकलता येणार नाही.