परसातली कोंबडी : जात कोणती निवडावी?



वेदान्त, इतिहास आणि अर्थकारण यांच्या पंक्तीत आज कोंबडी येऊन बसली, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण मंडपात शिरताना तिघांनी मला थांबवून एकच प्रश्न विचारला : "कोणत्या जातीच्या कोंबड्या घ्याव्यात?" तेव्हा पाहुणी काही अगदीच परकी नाही.

या प्रश्नाला मी आधी उलट प्रश्नच विचारतो. कोंबड्या सांभाळणार कोण? कशासाठी? आणि कोठे? ही तीन उत्तरे मिळाली की जात आपोआप पुढे येते. लोक मात्र आधी जात ठरवतात आणि मग जागा शोधतात.

आपल्या साऱ्या कोंबड्यांची मूळ आई म्हणजे लाल रानकोंबडी. पिवळ्या पायांचा गुण मात्र आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबडीकडून आला, असे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले. पुढचे सारे माणसाच्या निवडीने घडले. आणि निवडीचा नियम असा, की एक गुण पदरात घेताना दुसरा हातातून सुटतो. आजच्या भाषणात एवढेच ध्यानात ठेवले तरी पुरे.

व्हाइट लेगहॉर्नचेच पाहा. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे नाव इंग्रजांच्या तोंडी 'लेगहॉर्न' झाले, तेच या जातीला चिकटले. अंगाने हलकी, खाण्यास बेताची आणि चांगल्या व्यवस्थेत वर्षाला ३०० अंडी देणारी ही कोंबडी. पण एवढी अंडी मिळवण्यासाठी माणसाने तिच्यातला खुडूक होण्याचा स्वभाव काढून टाकला. ती अंडी घालते, उबवत नाही. तिला रोज समतोल खाद्य हवे, उजेडाचे वेळापत्रक हवे. आणि मोकळी सोडली तर तिचा पांढरा रंग घारीला लांबूनच दिसतो. बंदिस्त धंद्यात ती राणी, परसात मात्र बिचारी.

आता आपली गावरान कोंबडी. वर्षाला ५०-७० अंडी. "एवढीच?" असे विचारण्याआधी तिचा हिशेब पाहू. आठ-दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते. २१ दिवस रवणावर बसते, मग दीड-दोन महिने पिल्ले पंखाखाली घेऊन हिंडते. वर्षात अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की निम्मे वर्ष त्यातच गेले. म्हणजे अंडी देणे, उबवणे, पिल्ले वाढवणे आणि घार दिसताच हाळी देणे, अशी चार कामे ती उकिरड्यावरच्या दाण्यात करते. यंत्र घ्यायचे झाले तर विजेचे बिलच किती येईल, ते आपणच ठरवा.

या दोन टोकांच्या मध्ये दुहेरी उपयोगाच्या जाती आहेत. अमेरिकेतली ऱ्होड आयलंड रेड आपल्याकडे चांगली रुळली. बंगळूरची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज आणि ग्रामप्रिया या तर परसासाठीच तयार झाल्या. वनराज अंगाने भरते, ग्रामप्रिया अंड्यांना बरी. दोघी रंगीत आणि काटक, गावरानाहून दुपटीच्या आसपास किंवा अधिक अंडी देणाऱ्या. पण त्या संकरित आहेत. त्यांची अंडी उबवून पुढची पिढी काढली तर गुण टिकत नाहीत, संकरित बियाण्याचे होते तसेच. शिवाय पिल्लांना पहिले पाच-सहा आठवडे ऊब द्यावी लागते आणि लसी वेळेवर द्याव्या लागतात. म्हणून नवख्याने एक दिवसाची पिल्ले न घेता दोन महिन्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा घ्याव्यात.

माझ्या पाहण्यातल्या एका वस्तीवर एका आजींच्या आठ गावरान कोंबड्या होत्या. मुलाने त्या विकल्या आणि सुधारित जातीची पन्नास पिल्ले आणली. वर्षभर अंड्यांची चंगळ झाली. दुसऱ्या वर्षी मानमोडीची साथ आली आणि खुराडे ओस पडले. पूर्वीही मर होत असे. पण वाचलेली एखादी कोंबडी पुन्हा रवणावर बसे आणि सहा महिन्यांत अंगण भरे. आता बसणारीच कोणी नव्हती. आजी एवढेच म्हणाल्या, "मिठामिरचीला हात पसरावा लागत नव्हता, तो आता पसरते." अंड्यांचे पैसे हे घरातल्या बाईचे पैसे असतात, हे जातीच्या तक्त्यात कोठेच लिहिलेले नसते.

सुधारित जात वाईट, असा याचा अर्थ नव्हे. मुलाची चूक दोन ठिकाणी झाली. लस टोचली नाही, आणि गावरान सगळीच्या सगळी विकली. पाच-सहा ठेवली असती तर तीच सुधारित अंडीही त्यांच्याखाली उबवता आली असती.

आता कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात. कातडी, मांस, हाडेसुद्धा काळपट. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जात अस्सल आहे, पण वर्षाला शंभराच्या आसपास अंडी आणि सावकाश वाढ, हेही तितकेच अस्सल आहे. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या नावाखाली शेकडो शेतकरी फसल्याचे उघड झाले. अंडी-पिल्ले मोठ्या भावाने परत घेण्याची हमी होती. खाणारे गिऱ्हाईक कोठे आहे, हे कोणी विचारले नाही. ज्या कोंबडीचा बाजार फक्त तिच्या विकणाऱ्याकडेच असतो, ती कोणत्याही जातीची असली तरी घेऊ नये.

आपल्या घरचीही एक जात आहे, बुसरा. नवापूर, साक्री आणि शेजारच्या गुजरातेत आदिवासी कुटुंबांनी ती सांभाळली. याच नवापूर भागात २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. त्यातला धडा साऱ्यांनाच लागू आहे. बाजारातून आणलेली कोंबडी निदान पंधरा दिवस वेगळी ठेवल्याशिवाय आपल्या खुराड्यात सोडू नये.

शहरातल्या श्रोत्यांसाठी दोन शब्द. तपकिरी अंडे म्हणजे गावरान, हा समज सोडा. कवचाचा रंग जातीवर ठरतो, बलकाचा रंग खाद्यावर; पौष्टिकपणा कवचाच्या रंगावरून ओळखता येत नाही. अंगणात तीन-चार कोंबड्या ठेवायच्या तर आधी नगरपालिकेचा नियम पाहा. आणि कोंबडा ठेवू नका. अंड्यांसाठी त्याची गरज नसते. तो लागतो पिल्लांसाठी, आठ-दहा माद्यांमागे एक. आपल्या कोंबड्याने उजाडावे अशी हौस असली, तरी शेजाऱ्यांना तशी नसते.

सारांश असा. विकत खाद्य आणि बंद शेड असेल तर लेगहॉर्न. अंगण मोकळे आणि लस देणारे जवळ असतील तर ग्रामप्रिया किंवा वनराज. माळ उघडा, खर्चाला पैसा नाही, तर गावरानच. कडक उन्हाच्या मुलखात तिच्यातली उघड्या मानेची निवडावी, कारण पिसे कमी असल्याने तिला उष्मा सोसतो. आणि कोणतीही जात घेतलीत तरी एक खुडूक होणारी कोंबडी घरात असू द्या. बाकीच्या अंडी देतील. परसात उद्याही कोंबड्या असतील ही सोय मात्र तीच करील.